बत्तीस मे

रेवदंड्याच्या खाडीकाठी मासळी गोठवून परदेशी धाडणारी एक कंपनी आहे. तिथल्या संगणकाच्या खोलीत बापू वर्तक एकोणतीस वर्षं बसले. खोली अशी गार की बापू भर मे महिन्यातही मफलर गुंडाळून असत. एएस-फोर-हंड्रेड नावाचं ते मशीन आलं तेव्हा त्यातल्या फायलींचे आराखडे त्यांनीच लिहिले: कुठल्या रकान्यात काय भरायचं, किती आकडी, सगळं. एवढ्या वर्षांत आपण एकही खोटी नोंद केली नाही, हे ते सोबत चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. न पिणाऱ्यालाही सोडत नसत.

निवृत्ती महिन्यावर आली होती. मालक धनेशशेठने दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र टाइप करून ठेवलं होतं, सही तेवढी बाकी. बापूंना ती मुदतवाढ हवीच होती, कारण घरी बायको गोदू सुपारीच्या वाडीतल्या कामांची यादी करून टपून बसली होती.

पण त्याआधी एक काम उरकायचं होतं. कुठली मासळी कधी धक्क्याला लागली ते परदेशातल्या गिऱ्हाइकाला नीट दिसावं, म्हणून जुन्या फायलींच्या जागी एसक्यूएल नावाच्या नव्या पद्धतीची टेबलं करायची होती. त्यासाठी पनवेलहून नेत्रा नावाची तरुण प्रोग्रामर आली. बापूंच्या रकान्यांची नावं सहा-सहा अक्षरांची, फक्त त्यांनाच कळणारी. तिने अर्थ विचारला की बापू आधी तिला ओळखायला लावत, आणि चुकली की चहा तिच्याकडून. दोन दिवसांत त्यांनी अकरा चहा उकळले.

तिसऱ्या दिवशी नेत्राने जुन्या नोंदी नव्या टेबलात भरल्या आणि त्यातल्या सत्तेचाळीस टेबलाने बाहेर टाकल्या. सगळ्यांची तारीख बत्तीस मे.

कोकणात उन्हाळा लांबतो, असं बापूंनी सांगून पाहिलं. नेत्रा हसलीही नाही. जुन्या फायलीला तारखेचे आठ आकडे दिले की झालं, ती आत येणाऱ्याला काही विचारत नाही. नवं टेबल मात्र दारातच तारीख तपासतं, असं तिने समजावलं. मग म्हणाली, "हे कुणी केलं, काका?"

बापूंना सांगावंच लागलं. एक जूनपासून मासेमारी बंद. तरी दर वर्षी एखाद-दुसरी बोट लोभापायी रेंगाळायची आणि एक जूनच्या सकाळी धक्क्याला लागायची. धनेशचे वडील, थोरले शेठ, म्हणायचे की कागदावर जून दिसता कामा नये. एकतीस लिहावं तर ते खोटं. तेव्हा बापूंनी बत्तीस मे काढला. छापील अहवालात नुसता महिना यायचा, त्यामुळे शेठ खूश, मशीन खूश, आणि बापू तर स्वतःच्या अकलेवर बेहद्द खूश.

धनेशने सगळं ऐकून खांदे उडवले. "एकतीस टाका सगळीकडे. संध्याकाळी पत्रावर सही करतो."

बापू मशीनसमोर बसले, पण हात पुढे जाईना. खोटं लिहिलं नाही म्हणून आपण जन्मभर मिरवलो, पण खरं तरी कुठे लिहिलं होतं? त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. मग त्यांनी नव्या टेबलात एक जून टाकायला सुरुवात केली. एकाच आज्ञेत सगळ्या नोंदी बदलतील, असं नेत्रा म्हणाली, पण त्यांनी ऐकलं नाही. लबाडी एकेक करून केली होती, तर निस्तरायचीही तशीच, असं त्यांचं म्हणणं पडलं.

संध्याकाळी धनेशने ते पाहिलं आणि तो भडकला. मीच बदलतो म्हणत बापूंच्या खुर्चीत बसला. नेत्रा शांतपणे म्हणाली, "बदला ना, सर. फक्त नव्या टेबलात कुणी, कधी बदललं आणि आधी काय होतं, ते आपोआप टिपलं जातं. गिऱ्हाइकाने मागितलं तर तेही दाखवावं लागेल."

धनेशने कळफलकावर ठेवलेली बोटं थोडा वेळ तशीच राहू दिली, मग उचलली. पत्रावर सही न करताच तो निघून गेला. मुदतवाढ गेली हे बापूंना त्याच क्षणी कळलं, आणि वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटत नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.