भाऊंचा तिरका नमस्कार

आमच्या भाऊंचा नमस्कार तिरका होता. डावा हात कोपरात वाकडा, त्यामुळे हात जोडले की ते छातीसमोर न येता डाव्या खांद्याकडे कलायचे. पोस्टरवर तर असं वाटायचं, की हे मतदाराला सोडून शेजारच्या खांबालाच नमस्कार करताहेत. मी फोटोग्राफरच्या मागे लागून तो हात सरळ करवून घेतला, तर भाऊंनी ते पोस्टर परत पाठवलं. "असाच राहू द्या मास्तर. लोकं म्हणतीन, हा कोन नवीन आला?"

भाऊ आमदार आणि मी त्यांचा स्वीय सहायक. आधी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून 'मास्तर'. माझी मनोमन खात्री होती, की निवडून भाऊ आले असले तरी आमदारकी चालते ती माझ्या भाषेवर. 'दळणवळणाचे जाळे', 'सर्वांगीण विकास' असे शब्द माझ्याकडे तयारच असत. मधे गावाचं नाव घातलं की भाषण उभं. एकदा गावाचं नाव घालायचंच राहिलं होतं, तरी टाळ्या पडल्या. त्या माझ्या शैलीला पडल्या, असं मी बरेच दिवस धरून चाललो.

भाऊंना मात्र शैलीपेक्षा दगडांची काळजी जास्त. धान निघालं की आमच्याकडे निम्मा डांबरी रस्ता शेतकऱ्याचा होतो. डांबर लवकर तापतं, धान लवकर वाळतं. त्यावर गाड्या चढू नयेत म्हणून कडेने डोक्याएवढे दगड मांडायचे. संध्याकाळी माणसं धान भरून घरी जातात आणि दगड तिथेच मुक्कामाला राहतात. अंधार पडायला लागला की मोटारसायकलवाल्याला दगड दिसतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

असा दगड दिसला की मागच्या सीटवरून भाऊंचा आवाज येई, "थांबव रे. अपक्ष उभा हाये, बसवून येतो." गाडी थांबायची, भाऊ उतरायचे आणि एका धड हाताने दगड ढकलत कडेला न्यायचे. आमदार दगड ढकलतोय म्हटल्यावर आम्हालाही उतरणं भाग. मी त्या काळात पांढरी कडक इस्त्रीची पँट घालत असे. त्यामुळे नेमक्या त्याच वेळी मला महत्त्वाचे फोन येत. भाऊंना ते ठाऊक होतं. "मास्तर, फोन झाला का? एक दगड तुमच्यासाठी ठेवला हाये."

एकदा जिल्ह्याच्या बैठकीत प्रत्येक आमदाराने वाहतुकीचे आणि रस्तासुरक्षेचे आपले प्राधान्यक्रम मांडायचे होते. मी रात्र जागून चौपदरी रस्ते, उड्डाणपूल, वळणमार्ग असं घसघशीत लिहून दिलं. भाऊंनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि उभे राहिले. "साहेब, पयले गावागावात रस्त्याच्या बाजूले धान वाळवाले शिमिटाचे ओटे पाह्यजेत. मंग ट्रॉल्याइले मांगून चमकनारी लाल पट्टी. उड्डाणपूल सध्या राहू द्या, आमच्याकडे कोनाले उडाची घाई नाई."

सगळे हसले. मी हसलो नाही, माझा उड्डाणपूल गेला होता. एका अधिकाऱ्याने विचारलं, "ओटा रस्त्यात कसा धरायचा? हा शेतीचा विषय झाला." भाऊ म्हणाले, "धान रस्त्यावर हाये तोवर रस्त्याचाच विषय हाये जी." ओटे मंजूर झाले, पण थोड्याच गावांत. बाकीच्यांसाठी भाऊंनी वेगळाच उपाय काढला. दगडांच्या जागी तणसाने, म्हणजे धानाच्या वाळक्या पेंढ्याने, भरलेली पोती ठेवायची. गाडीची डिक्की त्या पोत्यांनी भरलेली असे आणि माझी बॅग मांडीवर. विधानभवनाच्या पायऱ्या मी कोटाला चिकटलेल्या तणसासह चढलो आहे.

सानगडीकडच्या रस्त्यावर परसराम मामाजींचं धान पसरलेलं होतं. भाऊंनी दगड काढून पोती ठेवली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडून चाललो, तर मामाजी रस्त्यात आडवे उभे.

"दगड होते तवा एक गाडी चढली नाई. तुमचं पोतं पाहून टेम्पो सरळ वरून गेला. माहा धान मातीत गेला, भाऊ! तुमाले निवडून काहून देल्लं आमी?"

भाऊ रस्त्याकडेला बसले. "मामाजी, दगड पाहून गाडी चढत नाई, हे खरं हाये. पन मी चढवली होती. दगड मीच मांडला होता दुपारी. संध्याकाळी मोठ्या भावाले मांगं बसवून आलो आन् इसरून गेलो. माहा हात वाकडा झाला. भाऊ उठलाच नाई."

इतकी वर्षं त्यांच्या पोस्टरवरचा हात सरळ करायला धडपडणाऱ्या मला हे पहिल्यांदाच कळत होतं. मामाजी त्यांच्याजवळ खाली बसले. मग म्हणाले, "वाईट झालं जी. पन माह्या धानाचं काय?"

"आता वेचू ना," म्हणून भाऊ मातीतलं धान गोळा करायला लागले. त्या दिवशी फोनचं सोंग करायचा धीर मला झाला नाही. पांढऱ्या पँटीनिशी मीही मातीत बसलो. गाडीत आल्यावर मात्र माझी बुद्धी चालली. "भाऊ, ही गोष्ट सभेत सांगा. मी नीट लिहून देतो. सभा रडेल." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, तो माहा भाऊ होता." मी सानगडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

पुढच्या निवडणुकीत समोरच्यांनी 'धानाचा वैरी' म्हणून प्रचार केला. तुडवलेल्या धानाचे फोटो घरोघरी फिरले. मी त्याला उत्तर म्हणून असं काही अलंकारिक पत्रक काढलं, की ते आमच्याच कार्यकर्त्यांना समजलं नाही. भाऊ पडले. मतमोजणीवरून परतताना ऐन हंगाम होता. मागून आवाज आला, "थांबव रे."

माझा तोल गेला. "आता कायले भाऊ? आता आपण आमदार नाही!"

भाऊ दार उघडत म्हणाले, "गाडीवरून पडलो तवा मी आमदार होतो का?"

त्यानंतर दोन हंगाम गेले आणि भाऊ हृदयविकाराने भंडाऱ्याच्या दवाखान्यात वारले. त्यांच्या गावाकडे निघालेल्या शववाहिकेच्या मागे त्यांच्याच जुन्या गाडीत मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. अंत्ययात्रेसाठी भाषण लिहायला घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला एकही शब्द सुचला नाही.

साकोली सोडून सानगडीच्या रस्त्याला लागलो आणि पाहतो तर रस्ता रिकामा. कडेने धान गोळा करून ठेवलेलं, दगड पार शेतात फेकलेले. माणसं हात जोडून उभी होती. परसराम मामाजी दिसले तशी मी काच खाली केली. ते म्हणाले, "आज तरी भाऊले खाली उतराचं काम नाई पडलं पाह्यजे, मास्तर." मला रडू आवरेना. पुसायला रुमाल काढला, तर त्यालाही तणस.

अंत्यसंस्कार आटोपून दिवस मावळताना परत निघालो. धान पुन्हा पसरून, वाळवून, भरूनही नेलं होतं लोकांनी. बऱ्याच ठिकाणी कडेला पोती होती. एका वळणावर मात्र दगड होता, चांगला मोठा. ड्रायव्हरने न सांगता गाडी थांबवली. मी सवयीने मागचं दार उघडायची वाट पाहत बसून राहिलो.

मग मी उतरलो.