नीट करून द्या, ताई

पंचशीला त्या घरी गेलीच नव्हती, असं आता सगळं गाव म्हणतं. चौकशीच्या कागदावरही तसंच आलंय. पण ती गेली होती. त्याचा पुरावा माझ्या फोनमध्ये आहे आणि तो मी कुणाला दाखवलेला नाही. का नाही दाखवला, ते सांगायला बसलेय. कुणी मला बरं म्हणावं म्हणून नाही, तशी माझी लायकीच राहिली नाही.

मी नीलाबाई. मुदखेडच्या अंगाला आमची दोन गावं, मधे एक ओढा. ओढ्याच्या अलीकडं मी आशाताई, पलीकडं पंचशीला. गरोदर बाया, बाळंतिणी, लेकरांच्या लशी, सगळ्यांची नोंद ठेवायची आणि वेळ आली की दवाखान्यापर्यंत न्यायचं, हे आमचं काम. मी बारावी झालेली, लातूरकडच्या मुरुडची लेक, बाप शाळामास्तर. शुद्धलेखनात मला पहिलं बक्षीस होतं, आणि त्याचा तोरा अजूनपर्यंत गेला नव्हता. पंचशीला आठवीपर्यंत शिकलेली. बौद्ध वस्तीतलं शेवटचं घर तिचं, नवरा आनंदराज मुदखेड स्टेशनवर ऑटो चालवतो. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची.

कामाला मात्र वाघीण. माझं सगळं रजिस्टरात, तिचं सगळं डोक्यात. कोणती बाई कितव्या महिन्यात, कुणाचं रक्त कमी, कुणाची गोळी उलटून पडते, विचारायचा अवकाश. गरोदर बाईच्या घरी गेली की आधी तिच्या पायाशी बसायची. नडगीवर अंगठा दाबून धरायची, मग उचलून बघत राहायची की पडलेला खड्डा भरतो का. "ताई, खड्डा भरला तर सूज थकव्याची. न्हाई भरला तर बाई दवाखान्यात," हे तिनं मला शिकवलं. ट्रेनिंगमध्ये मलाही सांगितलं असणार, पण मी तेव्हा मुद्दे सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होते.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात कामकाज व्हॉट्सॲपवर आलं. आमच्यावरच्या शिवकन्या मॅडमनी गट काढला, त्यात साहेब लोकही घेतले. रोज बाराच्या आत अहवाल टाकायचा, जे असेल ते लिहून टाकायचं, ऊठसूट फोन करायचा नाही. लिहिलेलं राहतं, बोललेलं राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मॅडम काही राक्षसीण नव्हत्या. अहवालातल्या चुकांवरून वरचे लोक त्यांनाच सगळ्यांसमोर झाडायचे. त्यांनी तो राग खाली उतरवला, आणि खाली पंचशीला होती.

एका सकाळी तिनं लिहिलं: "वस्तीत तिन लेकराला ताप हाय. गोळ्या दिल्या. पानी ऊकळुन प्या मनुन सांगीतले." काय कळत नाही यात? तीन लेकरं तापलीत, गोळ्या दिल्यात, पाणी उकळायला सांगितलंय. पण मॅडमनी त्या मेसेजचा फोटो काढला, चुकलेल्या प्रत्येक शब्दाभोवती लाल गोल काढला आणि गटावर परत टाकला. खाली लिहिलं, "ही कोणती भाषा? हा शासकीय ग्रुप आहे, आठवडी बाजार नाही." त्याखाली हसरे चेहरे पडायला लागले. तेवीस पडले. मी मोजले, कारण त्यात एक माझा होता.

त्या तीन लेकरांचं काय झालं, हे गटावर कुणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी लशीच्या कार्यक्रमात पंचशीला भेटली. हसऱ्या चेहऱ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "ताई, मी आधी तुमाला पाठवीत जाईन. तुमी नीट करून द्या, मग मी गटावर टाकीन." मला काय, मिरवायला मिळालं. रोज तिचा मेसेज यायचा, मी ऱ्हस्व-दीर्घ करून, 'असून' आणि 'करण्यात आले' घालून परत पाठवायचे. मॅडमनी एकदा अंगठा दाखवून तिचं कौतुकही केलं. पण पंचशीलाचे मेसेज हळूहळू आटत चालले. आधी ती लिहायची, कुणाची सासू खायला देत नाही, कोण गोळ्या चुलीत टाकते. मग फक्त एक ठरलेलं वाक्य उरलं, मीच करून दिलेलं: "माझ्या कार्यक्षेत्रातील सर्व गरोदर मातांची तपासणी केली असून सर्व सुखरूप आहेत." एकही चूक नाही. रोज तेच उचलायचं आणि टाकायचं. मलाही सुटल्यासारखं झालं, खरं सांगते.

उज्ज्वला तिच्या गावातली. शेतकऱ्याच्या घरची सून, बाविशीची, पहिलटकरीण, आठवा लागलेला. नवरा शिवम टेम्पो घेऊन लातूर-औशाकडं माल पोचवायचा. घरात सासू सरजाबाईचा शब्द चालायचा. त्या घरात पंचशीलाला ओट्याच्या वर कधी बोलावत नसत. उज्ज्वलाच बाहेर येऊन तिच्याजवळ टेकायची.

त्या दिवशी मी मुरुडला होते, भावाच्या लेकीच्या लग्नात. इकडं पंचशीला सकाळीच उज्ज्वलाकडं गेली. पाय टम्म सुजलेले, डोकं ठणकत होतं, डोळ्यापुढं अंधारी येत होती. पंचशीलानं नडगीवर अंगठा दाबला. खड्डा भरेना. तिनं सरजाबाईला सांगितलं, आत्ताच्या आत्ता न्यायला पाहिजे, मी गाडी बोलावते. सरजाबाई म्हणाली, "आमाला काय लेकरं झाली न्हाईत का? शिवम येऊ दे, मग बघू. तू कोण ठरीवणार?" पंचशीलानं मॅडमना फोन लावला. मॅडमचा फोन आला तर सरजाबाई ऐकेल, हे तिला माहीत होतं. मॅडमनी फोन कापला आणि मेसेज आला, "मीटिंगमध्ये आहे. गटावर लिहा."

मग ती ओट्याच्या पायरीवर बसून लिहायला लागली. लिहिलं आणि सवयीनं मला पाठवलं. वेळ दहा बेचाळीस.

"ताई हे नीट करुन द्या लवकर. उजवलाचे पाय लइ सुजलेत. आंगठा दाबला तर खड्डा तसाच ऱ्हातो. डोक दुकते मनती डोळ्याला आंधारी येते. सासु पाठवित नाही माझ आयकत नाही. म्याडम तुमी सोता फोन लावा तिच्या घरी. आज नेल पाहीजे उद्या नको."

कुठल्याही शहाण्या माणसानं वाचावं आणि सांगावं, यात काय समजलं नाही.

मी अकरा वाजून पाच मिनिटांनी तो उघडला. अक्षता पडायच्या होत्या, अंगावर नवी साडी, वहिनी हाक मारत होती. लांबलचक मेसेज दिसला. 'ताई हे नीट करुन द्या' एवढंच वाचलं आणि माझं डोकं फिरलं. लग्नात तरी सुखानं बसू देशील की नाही बाई. 'करुन' मधला रु दीर्घ पाहिजे, हे मात्र तेवढ्यात दिसलं. फोन पर्समध्ये टाकला आणि जेवायच्या पंगती सुरू झाल्यावर विसरून गेले.

तिकडं तिला दोन निळ्या खुणा दिसल्या. ताईनं वाचलंय, आता येईलच, म्हणून ती वाट बघत बसली. बारा वाजत आले. बाराच्या आत अहवाल नाही तर नाव लाल यादीत. तिनं रोजचं वाक्य उचललं आणि टाकलं, निदान हजेरी तरी लागू दे, खरा मेसेज ताईकडून येतोच आहे. बाराला पाच कमी असताना गटावर आलं, सर्व गरोदर माता सुखरूप आहेत. मॅडमनी अंगठा दाखवला.

तीन वाजता उज्ज्वलाला झटके आले. तेव्हा मात्र सरजाबाईनंच पंचशीलाला बोलावणं धाडलं. पंचशीलानं गाडी बोलावली, उज्ज्वलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वाटेत गाडीतच बाळंत झाली, आणि नांदेड यायच्या आधी उज्ज्वला गेली. बाळ वाचलं, मुलगी आहे.

चौकशी लागली. गटावरचे मेसेज छापून आणले होते. साहेबांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हे तुम्हीच टाकलं ना?" पंचशीला म्हणाली, "हाव साहेब, मीच टाकलं." सरजाबाईला आधीच विचारून झालं होतं. ती म्हणाली होती, सकाळी कुणी आलंच नव्हतं. सून गेलेल्या म्हातारीला उलट कोण विचारणार? मॅडमना लावलेल्या फोनवरून ती कुठं बसून बोलत होती, हे काही ठरत नव्हतं. पंचशीलानं घरी न जाता बसल्या जागी खोटा अहवाल टाकला, असं ठरत चाललं. तिच्याजवळ काही असेल तर शुक्रवारी घेऊन या, म्हणून सांगितलं. मी मागच्या खुर्चीवर होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला ही माझी ख्याती, पण त्या दिवशी माझी जीभ उचलली गेली नाही.

गुरुवारी दुपारी मी ओढा ओलांडून तिच्या घरी गेले. ती गहू निवडत होती. मी म्हटलं, "पंचशीला, तो मेसेज तुझ्या फोनात हाय. दाखवला का न्हाईस साहेबाला?"

ती सुपातच बघत म्हणाली, "तुमचं नाव येतंय त्यात. अन् ताई, लई चुका हायत हो. साहेबाच्या पुढं तसलं कसं दाखवावं? मॅडम गोल मारतील सगळ्याला." मग हात पुसून तिनं फोन काढला, तोच मेसेज उघडला आणि माझ्यापुढं धरला. "तुमी आलात ते बरं झालं. आता तरी नीट करून द्या."

मला सगळं कळत होतं. नीट केलेला मेसेज आजच्या तारखेचा होणार, त्याला कुत्रंही विचारणार नाही. दहा बेचाळीसची वेळ होती ती त्या चुकांच्याच मेसेजवर. तेवढं एक वाक्य बोलले असते, तर तिची नोकरी राहिली असती, नाव राहिलं असतं. पण तो मेसेज टेबलावर गेला की साहेब पहिला प्रश्न विचारणार, ही ताई कोण, आणि तिनं वाचून काय केलं? मी खाली बसले. चष्मा लावला. 'उज्ज्वला' केलं, 'दुखते' केलं, 'आंधारी'ची 'अंधारी' केली, जिथं पाहिजे तिथं स्वल्पविराम दिले. वरचं 'ताई हे नीट करुन द्या' काढून टाकलं. माझं नाव आपोआप गेलं. मला बरं वाटलं. हात झडून पडायला पाहिजे होते माझे, पण बरं वाटलं.

पंचशीलानं नवा मेसेज दोनदा वाचला. "आता कसं छान वाटायलंय," म्हणाली. मग जुन्या मेसेजवर बोट दाबून धरलं. "हे घाण आता कशाला ठिवायचं," म्हणून तिनं तो पुसून टाकला. मी बघत होते. नको म्हटलं नाही.

शुक्रवारी साहेबांनी तिचा मेसेज वाचला, तारीख बघितली आणि फोन परत दिला. म्हणाले, "बाई, हे काल लिहून आणलंय तुम्ही." बाहेर आल्यावर पंचशीलानं मला विचारलं, "ताई, अजून कुठं चुकलं हुतं का?" मी म्हटलं, नाही, बरोबर होतं सगळं.

तिला काढून दोन महिने झाले. हल्ली ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिच्या गावचं कामही माझ्याकडंच दिलंय, त्यामुळे उज्ज्वलाच्या लेकीला लशी मीच देऊन आणते. सरजाबाई मला ओट्यावर बसायला पाट देते. तो मेसेज माझ्या फोनात आहे, दहा बेचाळीसचा, जसाच्या तसा.