डिंगबोचेला लपवलेलं दुखणं

शनिवारी सकाळी सुनेत्राकाकू पोह्यांवर खोबरं भुरभुरत होत्या, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर केया. मैत्रिणीची, इलाची मुलगी. इथेच मिशिगनमधल्या नोव्हाय गावात जन्मलेली, हॉस्पिटलात नर्स. ऑक्टोबरात ती एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला जाणार होती, आणि एकसष्ट वर्षांच्या काकूंना तिच्यासोबत जायचं होतं.

"काकू, आज बुकिंग करायचंय. पण आई म्हणते, गेल्या वर्षी तुम्हाला अर्ध्यातून खाली आणलं. व्हॉट हॅपन्ड? खरं सांगा, मगच तुमचं नाव टाकीन."

"पोलिसांत का नाही गेलीस गं तू?" काकूंनी पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली.

खिडकीबाहेर सपाट मिशिगन पसरलं होतं. इथे चढ म्हणजे शाळेच्या स्टेडियमच्या पायऱ्या. पाठीवर तांदळाची पिशवी बांधून काकू त्याच चढत-उतरत. पण बोलता बोलता त्या मनानं बेस कॅम्पच्या वाटेवरच्या डिंगबोचे गावाला पोचल्या. साडेचौदा हजार फूट. तिथे दोन रात्री थांबायचं, शरीराला उंचीची सवय होऊ द्यायची. सकाळी टेकडीवर थोडं उंच जायचं, जेवायला परत खाली. मग कामच नाही. लसणाचं गरम सूप, भिंतीपलीकडे याकच्या घंटा, ऊन आलं की दगडी कुंपणांवरून हलकेच उठणारी वाफ. चार पावलं, एक श्वास. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी "आटप" म्हणत नव्हतं.

"रोज संध्याकाळी आमचा गाईड कुमार विचारायचा, 'दीदी, डोकं दुखतंय?' मी म्हणायचे, छे, अगदी मजेत."

"आणि दुखत होतं?"

"फुटत होतं. दोन दिवस."

"काकू! दॅट्स डेंजरस, यार! एवढ्या उंचीवर डोकं दुखणं म्हणजे धोक्याची खूण. सांगितलं का नाही?"

"अगं, माझ्यापायी गटातल्या नऊ जणांचा खोळंबा कशाला? आणि आपल्यात पहिल्याच फटक्याला कुणी हो म्हणतं का? आधी नाही म्हणायचं, मग समोरच्यानं पुन्हा विचारायचं. कुमार बिचारा एकदाच विचारून पुढे जायचा. तिसऱ्या सकाळी मला बुटाची नाडी बांधता येईना, तेव्हा त्यानंच धरून खालच्या पांगबोचे गावाला उतरवलं."

केया हसली नाही. फोनवरचा फॉर्म तसाच उघडा होता.

"या वेळी सांगाल?"

'हो' काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"पहिल्यांदा नाहीच म्हणेन गं. जन्माची सवय आहे."

"मग मी काय करू?"

"एवढंच कर. रोज संध्याकाळी मला दोनदा विचार."