सायंटिस्टबी

उमरग्यात हायवेला लागून माझं रेक्झिनचं दुकान आहे. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सबिहा ट्रकच्या सीटा शिवायची. हाताला सफाई होती, डोक्याला मात्र चैन नव्हतं. ड्रायव्हरांच्या कंबरा धरतात म्हणून तिनं सायकलच्या ट्यूबा जोडून हवेची गादी केली. पहिला बसला रेवणप्पा ड्रायव्हर, हातात चहा घेऊन. गादी फाटकन फुटली, चहा त्याच्या मांडीवर. सबिहा पाणी आणायला आत पळाली. इकडं सगळा नाका हसत होता, आणि मी डोळे पुसत म्हणालो, "ही तर आपली सायंटिस्टबी!"

नाव चिकटलं. गिऱ्हाइकं त्याच नावानं हाक मारू लागली. तिची पोर निखत शाळेतून रडत यायची. नाव झकास जमलं म्हणून मी खूश होतो, हे सांगतानाही आज लाज वाटते. वर्षभरात सबिहा मशीन उचलून हैदराबादला गेली.

आता तिथल्या एका बसच्या कारखान्यात तिच्या गाद्या बसतात. आमच्या व्यापारी मंडळाला एकाएकी उमाळा आला, की आपली हुशार माणसं बाहेर का जातात! तिला गाळा देऊन परत आणायचं ठरलं. जुना शेजारी म्हणून पाठवलं मलाच.

तिनं आग्रहानं जेवू घातलं. मी विचारलं, "इथं असं काय आहे, जे उमरग्यात नाही?"

"ट्यूब इथंबी फुटली, काका. लई येळा फुटली. पर शेजारच्या टेबलावरची पोरगी हसली न्हाय. वही घेऊन आली अन् म्हणली, कुठून फुटली, दाखवा. तिकडं कुणी इचारलंच न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अम्मी तिकडं एकटीच हाय. मन लई होतं यायचं. पर निखतला पुन्हा कुणी तसं चिडवलं तर? कुणी ठिवलं हो ते नाव?"

तेव्हाच कबूल करायला हवं होतं.

"कोण आठवतंय आता," मी म्हणालो. "विसरले सगळे."

तिचा चेहरा उजळला. "तुमी म्हणताय तर येते, काका."

दुसऱ्या दिवशी नाक्यावर बसमधून उतरलो. समोरच रेवणप्पा. "काय भागवतशेठ, येणार का सायंटिस्टबी?"

चौघंजण हसले. त्यांना तिथंच गप्प करायचं सोडून मीही हसलो.