कंचनबाईंचं निवडण-टिपण

कळंबला हमरस्त्यालगत गुलाबचंद शेठांचं किराणा दुकान आहे, आणि दुकानामागेच घर. त्यांच्या पत्नी कंचनबाई त्या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून निवडल्याशिवाय दाणा चुलीवर चढला नव्हता. मुगातला भुंगा, मटारातली अळी, मेथीच्या पानाखाली लपलेला किडा, सगळं त्या अलगद उचलून कुंडीत नेऊन सोडायच्या. स्वयंपाकाआधी जीव वाचवायचे, ही सासूबाईंची शिकवण.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हे काम त्यांच्या हातून निसटायला लागलं. एकदा मटारच्या उसळीत शिजलेली अळी निघाली. गुलाबचंदांनी ताट बाजूला सरकवलं. कंचनबाई त्या दिवशी जेवल्याच नाहीत, आणि पुढे स्वयंपाकघरात जायलाही धजेनात. सून सिद्धी दिवसभर दुकानात अडकलेली.

तेव्हा मागच्या आळीतली साळुबाई आली. शेतकऱ्याच्या घरातली, त्यांच्याच वयाची. कुणी बोलावलं नव्हतं. दुपारची जेवणं उरकली की यायची, मागच्या ओट्यावर सूप घेऊन बसायची आणि सगळं निवडून द्यायची. कंचनबाईंना संकोच वाटे. "तुमी निस्त्या गप्पा मारा, माजे हात रिकामेच हायेत," एवढंच ती म्हणायची.

कंचनबाई ऑपरेशनला तयार नव्हत्या. त्यांच्या बहिणीचं झालं होतं. तिला रस्ता लख्ख दिसायचा, पण दाणा बघायला चष्मा शोधावा लागायचा. सिद्धीनं पुण्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आता एक असंही भिंग मिळतं, जे डोळ्यातला स्नायू आवळला की किंचित पुढे सरकतं. लांबचं दिसतं आणि जवळचंही बरंचसं. तपासून त्यांनी ते बसेल असं सांगितलं, मात्र तरुणपणची नजर मिळेल असा शब्द दिला नाही. बारीक अक्षरं वाचायला कदाचित चष्मा लागेल, हेही आधीच सांगून टाकलं.

आधी एक डोळा झाला, मग दुसरा. सुरुवातीला जवळचं पुसटच दिसे, तेव्हा कंचनबाईंना आपण फसलो असंच वाटलं. डॉक्टरीणबाईंनी धीर दिला, डोळ्याला शिकायला वेळ द्या म्हणाल्या. मग त्या रोज ताटात मूठभर मूग पसरून बसू लागल्या. एका दुपारी हिरव्या दाण्यांमधून एक काळा ठिपका चालत निघाला. भुंगा! त्यांनी तो बोटावर चढवून घेतला, जास्वंदीच्या कुंडीपाशी नेऊन सोडला आणि तिथेच हात जोडून उभ्या राहिल्या.

साळुबाई आली तेव्हा त्यांनी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि तिला समोर बसवलं. आज मी निवडते, म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा त्यांना इतक्या जवळून नीट दिसला. उजव्या डोळ्याची बाहुली दुधासारखी पांढरी, डावीवरही धुकं.

"साळुबाई, तुम्हाला दिसत नाही?"

"एकानं जरा दिसतंय. बाकी बोटांनी कळतं की. किडका दाना हलका लागतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

साळुबाई पदराशी चाळा करत राहिली. "सांगितलं असतं तर तुमी निवडू दिलं नसतं. आन दुपारचं हितं बसाया मला लई बरं वाटायचं."

दुसऱ्याच आठवड्यात सिद्धीसह कंचनबाई साळुबाईला पुण्याला घेऊन गेल्या. तिलाही आपल्यासारखंच भिंग बसवा, असा त्यांचा हट्ट. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, हिचा मोतीबिंदू फार पिकलाय, भिंग ज्यावर तोलून राहतं ते धागे सैल झालेत. हिला साधं भिंगच चांगलं. ऑपरेशन नीट पार पडलं. पट्टी निघाली तेव्हा कंचनबाई शेजारीच होत्या. साळुबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"तुमी तर म्हाताऱ्या झालात की," ती म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

आता ओट्यावर दोन सुपं असतात. साळुबाई जवळचा चष्मा लावते, तरी मधूनच सवयीनं डोळे मिटून दाणे चाचपते. दिवस मावळायच्या आत जेवायला बसताना कंचनबाई मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंचं नाव घेतात, सिद्धीचंही घेतात. साळुबाईचे आभार मात्र तिच्या तोंडावरच मानतात, आणि ती दर वेळी मेथीच्या भावावर विषय नेते.