बोट गोव्याला लागली तेव्हा

आम्ही बेकरी टाकली त्या वर्षांत कोल्हापुरातल्या बऱ्या घरांना बोटीच्या सहलीचं वेड लागलं होतं. कुणी सिंगापूरहून जाणार, कुणी मुंबईहून. आणि माझा नवरा पूर्वी तसल्याच बोटीवर होता हे पेठेत सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे खारी घ्यायला आलेलं माणूस काउंटरवर कोपर टेकून विचारायचं, "अमुक बंदरात बोट सकाळी लागती, संध्याकाळी सुटती. तेवढ्यात काय काय बघून हुईल, सांगा की."

नवरा भट्टीकडून ओरडायचा, "मला काय विचारता! मी सगळी बंदरं टेलिफोनच्या खोक्यापर्यंतच बघितल्यात."

खरंच होतं ते. बोटीच्या भटारखान्यात तो पाव आणि केक करायचा. बोट बंदराला लागली की प्रवासी रांगेनं उतरून बसमध्ये बसायचे, कुणी किल्ला बघायला, कुणी बाजार फिरायला. त्यांचं सगळं आधी ठरलेलं. नवऱ्याला मिळायचे दोन पाळ्यांच्या मधले तास. त्यात तो आधी टेलिफोन गाठायचा, मग साबण-पेस्ट घ्यायचा आणि परत. तोंडावर मी त्याला अहोच म्हणते, लिहिताना मात्र 'तो' म्हणणं बरं वाटतं.

मला स्वतःला बंदरातला एकच दिवस माहीत आहे. त्या प्रवाशांसारखा तो छापील ठरलेला नव्हता, पण आमच्या घरी ठरवलेला मात्र फार होता.

मुलगी पोटात असताना नवरा बोटीवर गेला. ती झाली, बाराव्या दिवशी पाळण्यात घातली, कान टोचले, पालथी पडायला लागली, तरी बापानं तिला बघितलं नव्हतं. फोटो पाठवावा तर बोट पुढच्या बंदरात गेलेली असायची. फोनवर तो म्हणायचा, "तिला जरा रडव की." मी चिमटा काढायची आणि ती रडली की पलीकडे तो ऐकत राहायचा. मग एका हिवाळ्यात त्याचा फोन आला. बोट गोऱ्या पाहुण्यांना घेऊन गोव्याला येणार होती, वास्कोच्या बंदरात, एका दिवसापुरती. त्याला न्याहारीनंतर खाली उतरायची परवानगी मिळणार होती. "पोरीला घेऊन ये," एवढंच त्याचं म्हणणं. फोनला खरखर फार. पुढचं माझे सासरे आबा बोलले.

आबा एसटीत कंट्रोलर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. स्टँडवर अख्खं आयुष्य गाड्या सोडण्यात गेलेलं, त्यामुळे घरात कुणी पाणी प्यायला उठलं तरी त्यांना ते वेळेवर हवं असायचं. त्यांनी मुलाला दोनदा विचारलं, "बोट कधी सुटती?" त्यानं सांगितलं, दिवस मावळायला. फोन कट झाला. आबांनी खडू घेतला आणि माडीच्या दाराच्या मागच्या बाजूला गोव्याचं वेळापत्रक मांडलं. गेटावर भेट, सगळ्यांचं जेवण, मंगेशीचं दर्शन, मिरामारचा समुद्र, आणि बोट सुटायच्या वक्ताला परत गेटावर. मधे चहाचे थांबेसुद्धा होते.

सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, दाराकडे बघितलं. "समुद्र दावतासा व्हय त्याला? तो इतकं दिवस दुसरं काय बघतोय?"

"किनाऱ्यावरनं येगळा दिसतो," आबा म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही. मला देव नको होता, समुद्र नको होता. नवऱ्यानं पोरीला घ्यावं आणि पोरगी त्याच्याकडे जावी, बास. पण सून काय सांगणार? आईंनी मटणाचं लोणचं घातलं होतं, भाकऱ्यांचा ढीग थापला होता. मुलगा त्यांचाही होताच की. मी आपली लंगोट आणि दुपट्याच्या घड्या घालत बसले, आणि मनात दोघांवर चिडत राहिले.

शेजाऱ्यांची जीप ठरली. उजाडायच्या आधी निघालो. निपाणीवरून आजऱ्याच्या वाटेला लागलो आणि आबांचं वेळापत्रक तिथंच आपटलं. कारण वाटेवर उत्तूरला आबांची बहीण राहायची, आक्का. आमच्याकडं बहिणीच्या दारावरून गाडी तशीच पुढं काढणं म्हणजे तिच्या तोंडात मारल्यासारखं. आबांनी ड्रायव्हरला सांगितलं, "पाच मिनिटं. इंजान बंद करू नगंस." इंजिन चालूच राहिलं, पण आत आक्कानं पाट मांडले होते. घनसाळ तांदळाचा भात, वर तूप. "पावणं, उपाशी जाताय व्हय माझ्या दारावरनं?" भावाला पाहुणं म्हणून टोमणा मारला की आमच्यात भाऊ बसतोच. जेवणं झाली. आणि निघताना आक्का लुगडं बदलून, पिशवी घेऊन जीपमध्ये चढली. "भाच्याला मीबी बघितलं न्हाय की." कोण नाही म्हणणार!

आंबोलीच्या घाटात पोरगी दोनदा ओकली. आबा घड्याळ बघून पुटपुटत होते, ड्रायव्हर शिव्या गिळत होता, आणि आक्का सगळ्यांना आल्याच्या वड्या देत होती.

वास्कोला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बंदराच्या गेटाबाहेर एका झाडाखाली नवरा उभा. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. वाळलेला, गोरा पडलेला. भट्टीपुढं राबून माणूस गोरा पडतो हे मला तेव्हा कळलं, कारण ऊन अंगाला लागतच नाही. तो आबांच्या पाया पडला, आक्काच्या पडला. आईंच्या पाया पडायला वाकला तेव्हा आईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि नुसतं हुंगलं. मग मी पोरगी पुढं केली. त्यानं हात पसरले. पोरीनं त्याच्याकडं बघितलं आणि असा काही टाहो फोडला की गेटावरचा शिपाई वळून बघायला लागला.

नवऱ्याचे हात तसेच राहिले. मी तोंड फिरवलं.

आबा घाईला आले होते. "वाटंत घिऊ तिला. बसा बसा, आधी जेवाण उरकायचं, मग मंगेशी."

तेव्हा आई बोलल्या. "मटण खाऊन देवाला जात्यात व्हय?"

आबा थबकले. हे त्यांच्या दारामागच्या वेळापत्रकात बसलंच नव्हतं. "मग आधी देव करू. समद्यांनी."

"ह्यो कसा येईल? सकाळी बोटीवर अंडी खाल्ली असतील की न्हाय रं? आणि पोरीला न्यायची न्हाय. घाट उतरून आलेलं तान्हं पोर त्याच दिशी देवळात न्यायचं नसतं. आणि पोर न्हाय तर त्याची आई बी न्हाय."

असली रीत मी जन्मात ऐकली नव्हती. आक्कानं पण डोळे बारीक केले. "आमच्यात न्हाय बाई असलं काय."

"आमच्या म्हायारात हाय," आई म्हणाल्या, आणि विषय मिटला. आबा एसटीतल्या मोठ्या साहेबाशी भांडायचे, पण बायकोच्या माहेरच्या देवाधर्माशी ते कधी भांडले नाहीत.

मग आईंनी आबांनाच पुढं घालून बंदराजवळच्या एका खाणावळीच्या वरची खोली घ्यायला लावली. "पोरीला पाजायला आडोसा नको काय?" मटणाचा डबा, भाकऱ्या आणि पाण्याची कळशी माझ्या हातात दिली. "तुम्ही खावा. आमी देव करून येतो. मग बसंन मी त्याच्याजवळ निवांत." मुलाच्या पाठीवर हात फिरवला आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. ज्या मुलासाठी घाट उतरून आल्या त्याच्याकडं त्यांनी चहा निवेल एवढा वेळसुद्धा बघितलं नव्हतं. जीप गेली.

खोलीत एक लोखंडी कॉट, एक पंखा आणि खिडकीतून बोटीचा पांढरा कडा. आम्ही जमिनीवर चादर टाकून जेवलो. नवरा नुसता खात होता. लोणचं बोटानं पुसून खाल्लं. त्याच्या हातावर भट्टीच्या चटक्यांचे डाग होते, ते मी मोजले नाहीत, हात फिरवला. पोरगी माझ्या मांडीवरून त्याच्याकडे चोरून बघत होती. त्यानं तिच्याकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं बहुतेक. भाकरीचा एक कडक पापुद्रा त्यानं आपल्या ओठात धरला आणि तसाच उताणा पडून राहिला. पोरगी सरकली. पापुद्रा ओढला. तो मोडला. ती हसली. मग त्याच्या अंगावर चढून दुसरा शोधायला लागली, आणि शोधता शोधता त्याच्या छातीवरच झोपली.

त्यानं हात हलवला नाही. कुजबुजत म्हणाला, "जड हाय गं."

एवढंच. थोड्या वेळानं तोही झोपला. पहाटे प्रवाशांच्या न्याहारीचे पाव भाजून आलेला माणूस. त्या पाहुण्यांनी त्या दिवशी जुनी चर्चेस बघितली असतील, मसाल्याच्या बागा बघितल्या असतील. मी पंख्याखाली बसून ती दोघं बघितली. एकाच्या श्वासाबरोबर दुसरी वर-खाली होत होती. मला आयुष्यात कुणी काय दिलं असं विचाराल तर ती दुपार दिली असं मी सांगेन, आणि कुणी दिली तेही सांगेन.

जाग आली तसा तो घड्याळ बघून धडपडत उठला. "निघायला पायजे."

"बोट तर दिवस मावळताना आहे ना?"

"ती सुटती तेव्हा. आमाला लई आधी चढावं लागतं. रात्रीचे पाव कोण भाजणार?"

 आबांचं सगळं गणित बोट सुटायच्या वेळेचं होतं. एसटी काय, हलेपर्यंत माणूस चढतं. कंडक्टरनं घंटी मारली तरी पळत येऊन दांडी धरतं. आबांच्या डोक्यात बोटपण तशीच उभी होती. आणि तेव्हा मोबाईल कुणाकडे?

आम्ही गेटावर आलो. नवरा पोरीला घेऊन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. प्रत्येक जीपला मान उंचावायचा. शिपायानं एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. शेवटी त्यानं पोरगी माझ्याकडे दिली. "आईला सांग," म्हणाला, आणि पोरीचं दुपटं सारखं केलं. आत गेला. वळणावर एकदा मागं बघितलं, माझ्याकडे नाही, रस्त्याकडे.

जीप आली ती प्रसादाचे नारळ, फुलं आणि आक्काच्या काजूच्या पिशव्या घेऊन. आबा उडी मारून उतरले. मी सांगितलं, तर आधी पटेचना. "अगं, बोट हाय की अजून उभी! ती काय, समोर दिसतीया!" ते शिपायाकडं गेले, हुज्जत घातली, नंतर हात जोडले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग आईंच्या समोर न जाता जीपच्या मागच्या चाकापाशी उभे राहिले.

आई पुढच्या सीटवर तशाच बसल्या होत्या, मांडीवर प्रसादाचा नारळ घेऊन. मी जवळ गेले आणि मला हुंदका आवरेना. "आई, तुम्हाला बघायलासुद्धा मिळालं नाही हो. आमच्यामुळं."

"रडतीस कशाला? पोरगी गेली का त्याच्याकडं?"

"झोपली त्यांच्या छातीवर."

"मग झालं की." ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल रं."

परतीच्या वाटेवर सावंतवाडी मागं पडली. आबा तर खिडकीला डोकं लावूनच बसले होते. आक्का पेंगत होती. आंबोलीच्या पायथ्याला दिवे लागले तेव्हा आईंनी मागं वळून पोरीला आपल्याकडं घेतलं आणि हळूच विचारलं, "कशी झोपली? उजव्या अंगाला का डाव्या?"

मी सांगितलं.

"त्याला हालता आलं न्हाय म्हण की. मग हात भरून आला असंल."

"आला असंल."

"आणि हाताला काय झालंय गं त्याच्या? मला नीट दिसलं न्हाय."

भट्टीचे चटके आहेत म्हणून सांगितलं. कुठला केवढा, कुठं, सगळं सांगितलं. त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले. तो कसा बसला, काय बोलला, झोपेत दात खातो का अजून, पापुद्रा कसा ओठात धरला. घाट चढून होईपर्यंत माझ्या सगळ्या दुपारची खडान्‌खडा गोष्ट त्यांनी माझ्या तोंडून काढून घेतली, आणि मीही हातचं काही राखलं नाही. आई आज नाहीत. तो दिवस त्यांनीच मला दिला होता, असं मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या रस्त्यावर जेवढं सांगता आलं तेवढं मी दिलं.

आजऱ्याच्या अलीकडं त्यांनी शेवटचं विचारलं. "जेवला का पोटभर?"

"चार भाकरी खाल्ल्या. लोणच्याचा डबा बोटानं पुसला."

"चार?" म्हणाल्या. मग पोरीच्या डोक्यावर गाल टेकवून, जीप आक्काच्या दारात थांबेपर्यंत त्या आवाज न करता रडत होत्या.