मिश्रीवर ढकललेले दात

चौथीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी मागते. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी लिहिताना लाज वाटते.

लहानपणी मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. औषधं फार कडक होती. मी वाचले, पण दुधाचे दात पडल्यावर नवे आले ते तांदळाएवढे. काही तर आलेच नाहीत.

धारूरला, माझ्या माहेरी, मला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा आईनं बजावलं, "दाताचं इचारलं तर मिश्रीनं झिजले म्हणायचं. कॅन्सरचं नाव काढायचं न्हाई." आमच्याकडे बायका भाजलेल्या तंबाखूची मिश्री दाताला लावतात. लोक नावं ठेवतात, पण त्यानं लग्न मोडत नाही. मी मिश्रीला कधी बोट लावलं नव्हतं, तरी पाहुण्यांपुढे मान हलवली.

तेलगावला नांदायला आले. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "सून लई गुणाची हाय, पर मिश्रीनं तोंडाचं वाटोळं करून बसली." शेजारणी डबी पुढं करायच्या, "घे की गं चिमूटभर, आता कशाला लाजती?" मी घेत नसे. मग म्हणायच्या, चोरून लावत असंल.

पुढं समोरचे दात हलायला लागले. भाकर चावेना. आत्या मला बीडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या आणि आधीच म्हणाल्या, "हिची मिश्री सोडवा बाई."

बाईंनी दातांचा फोटो काढला. "मिश्रीनं असं होत नाही. ह्यांची मुळं वाढलेलीच नाहीत. लहानपणी काही मोठा आजार झाला होता का?"

आता आत्या मला माहेरी धाडणार, असं वाटलं. खाली बघून सगळं सांगितलं.

परतताना फाट्यावर जीपमधून उतरल्यावर आत्या म्हणाल्या, "चारचौघांत काय काय बोलवून घेतलंस गं माझ्याकडून!"

मला रडू आलं.

"रडू नको. हाकलीन वाटलं व्हय तुला? कवळी बसवू. बचत गटातून मी पैसे उचलते. पर फेडायचे तू, तुझ्या शिलाईतून. लबाडीचा दंड समज."

कवळी बसली. मी ब्लाउज शिवत राहिले, हप्ते भरत राहिले. गटाच्या बैठकीत मात्र मागे बसायची, तोंडावर पदर घेऊन; दंड फिटेपर्यंत ते दात आपले वाटत नव्हते. या सोमवारी शेवटचा हप्ता दिला. अध्यक्षबाईंनी आत्यांना सांगितलं, "तुमच्या नावावर आता काहीच बाकी न्हाई." मी तोंडावरचा पदर खाली घेतला.